राठोड मॅडमची लदेणी

राठोड मॅडम यंत्रावर कधी ओरडल्या नाहीत. तो सगळा माल त्यांनी माणसांसाठी राखून ठेवला होता. आमचे हेडसर, मी, उशिरा येणारा दूधवाला, वर्गात पेंगणारी पोरं, सगळ्यांना आपापला वाटा वेळच्या वेळी मिळायचा. पण समोर एखादं बंद पडलेलं यंत्र आलं की ह्याच बाईंचा आवाज असा खाली यायचा, की वाटावं आतल्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलं आहे. त्या यंत्राच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "काय झालं बापा? कायले रुसला?" असं विचारायच्या, आणि खरोखरच उत्तराची वाट पाहत बसायच्या.

माझा ह्या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. मी मराठीचा मास्तर. यंत्रांशी माझा संबंध पंखा लावण्यापुरता, आणि तो लागला नाही तर खिडकी उघडण्यापुरता. पण स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर होतं, आणि त्यामुळे मी नको नको म्हणत असताना बरंच काही पाहिलं. ते पाहायला मिळालं हे माझं नशीब, असं आता वाटतं.

आमची शाळा मुकुटबनपासून बरीच आत, झरी जामणीच्या जंगलाला पाठ टेकून उभी. गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त मारुतीच्या पारावर, तीही उत्तरेकडे तोंड करून. त्यामुळे अलीकडे आमच्या गावात मारुतीची भक्ती फार वाढली आहे. तरुण पोरं तासन् तास पारावर बसलेली असतात, फक्त मारुतीकडे पाठ करून.

राठोड मॅडम मूळच्या पुसदकडच्या एका तांड्यावरच्या. विज्ञान आणि गणित शिकवायच्या. अंगानं भरभक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हातातल्या बांगड्यांना सेफ्टी पिनांचा घोस लटकलेला. पदर, पिशवीचा बंद, मुलीची फाटलेली बाही, चष्म्याची निखळलेली काडी, ह्या सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे पीन. डब्यात रोज भाकरी असायची. तिला त्या बाटी म्हणायच्या. सोबत अंबाडीची भाजी आणि असा ठेचा, की हेडसर तो नुसता पाहूनच पाणी प्यायचे. पारावरून घरी फोन लावला की गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलायच्या, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि शाळा तपासायला साहेब आले की अशा शुद्ध मराठीत, की माझी नोकरी धोक्यात येते की काय असं वाटावं.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या शाळेला पाठ होता. कुठलीही वस्तू बिघडली, कुणाचं गणित चुकलं, कुणाचं पोट दुखलं, मॅडम पहिल्यांदा विचारायच्या, "आखरीले काय केलतं?" म्हणजे सगळं ठीक होतं त्यानंतर तू शेवटचं काय केलंस. एकदा शाळेची विजेची घंटा वाजेनाशी झाली. हेडसर वायरमनला फोन करायला पाराकडे निघाले, तर मॅडमनी त्यांना दारातच अडवलं.

"पह्यले हे सांगा सर, आखरीले काय केलतं?"

"मी? मी काहीच नाही केलं. फक्त ते कॅलेंडर टांगलं."

कॅलेंडरचा खिळा हेडसरांनी नेमका घंटेच्या वायरीत ठोकला होता. मॅडमनी त्यांना काय काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. घंटेला मात्र त्या म्हणाल्या, "दुखलं का वं बाई?"

तर अशा ह्या बाईंच्या निवृत्तीला जेमतेम सहा-सात महिने उरलेले असताना आमच्या शाळेत लॅपटॉप आले.

ते पाठवले गणेश आत्रामनं. गणेश आमचा जुना विद्यार्थी, जंगलातल्या कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, आता पुण्यात एका कंपनीत आहे. कंपनीनं नवे लॅपटॉप घेतले, तेव्हा जुने त्यानं मागून घेतले आणि खोक्यात भरून शाळेला धाडले. खोकी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मॅडमना कोण आनंद झाला! व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. तिच्यात मोडकी बाकं आणि मधमाश्यांचं पोळं होतं. ती त्यांनी पोरांना घेऊन झाडली, चुन्यानं रंगवली. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधून सगळे लॅपटॉप एका ओळीत मांडले आणि दसऱ्याची पूजा स्वतःच्या हातानं केली. झेंडूची फुलं, उदबत्ती, नारळ. आणि लगेच त्यांची नावंही ठेवली. पवळ्या, मोत्या, सोन्या, हिऱ्या. सगळी बैलांची. सगळ्यात जाड आणि कोपरा उडालेला तो पवळ्या, जोडीचा म्होरक्या.

"कंप्युटरला बैलाचं नाव?" मी म्हणालो.

"मंग काय तुमचं ठेवू? काम करणाऱ्याचंच नाव ठेवतेत सर."

लॅपटॉप आले, पण ते कोरे होते. कंपनीनं आतलं सगळं पुसून दिलं होतं. वणीच्या दुकानदारानं सांगितलेला खर्च ऐकून हेडसरांनी खोक्यांना पुन्हा दोरी बांधायला घेतली. तेव्हा गणेशनंच फोनवर मॅडमना लिनक्सचं नाव सांगितलं. ते फुकट मिळतं, कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं, आणि तसं करणं हा गुन्हा नाही. ह्या शेवटच्या गोष्टीवर मॅडम बेहद्द खूश झाल्या. "फुकटचं हाय अन् चोरीचंही नाई. असं माह्या जिंदगीत पह्यल्यांदा पाहून राह्यली!" असं त्या आठवडाभर भेटेल त्याला सांगत होत्या. पेनड्राइव्ह आला, लिनक्स बसलं, पडदा उजळला. आणि पडद्यावर चक्क मराठी! मी नाही म्हटलं तरी जरा जवळ जाऊन पाहिलं.

अडलं ते इंटरनेटपाशी. शाळेच्या भिंतीपलीकडे ग्रामपंचायत. तिच्या कचेरीत इंटरनेटचा डबा बसवलेला होता आणि त्याचं वायफाय भिंत ओलांडून थेट त्या खोलीत येत होतं. सरपंचांनी पासवर्डही दिला होता, पण तो मोबाइलला लावायचा नाही ह्या अटीवर. डबा लोखंडी जाळीत कुलूपबंद, त्यामुळे वायर जोडायची सोय नव्हती, पण वायफायला वायर लागतेच कशाला? हेडसरांच्या मोबाइलवर त्याचं नाव स्पष्ट दिसत होतं. पवळ्याला मात्र ते दिसतच नव्हतं. मोत्याला नाही, सोन्याला नाही, कुणालाच नाही.

आता हे नुसतं खटकण्यासारखं असतं तर मॅडमनी सवडीनं पाहिलं असतं. पण मध्ये भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. माणूस वाईट नाही, पण त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि त्यांच्या डोळ्यांना जगातली प्रत्येक मोकळी जागा खुर्च्या ठेवण्याजोगी दिसते. रंगवलेली खोली पाहून ते हरखले. लग्नसराईत खुर्च्यांना आडोसा नसतो म्हणाले. मॅडम आडव्या आल्या. बरीच शब्दाशब्दी झाली. शेवटी भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, मी सव्वीस जानेवारीले झेंडावंदनाले येतो. त्या दिवशी ह्या मशिनीत इंटरनेट चालू दिसलं तं खोली पोरायची. नाई तं माह्या खुर्च्यायची. अन् मंग तोंड वाकडं करायचं नाई."

"मंजूर," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "कशाला पैज लावली? तुमची नोकरी संपत आली. खोली राहिली काय, गेली काय."

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, म्हणून मी घाबरलो. हळूच म्हणाल्या, "सर, पोट्टे वणीले जातेत जीपच्या मांगं लटकून. कोणता फॉर्म भरायचा असो, कोणती परीक्षा पाहायची असो. पोट्ट्यायचं चालते. पोट्टीले कोणता बाप पाठवते? चांगली हुशार पोट्टी असते अन् नुसती एका दिवसाच्या वणीपायी घरी बसते. मी किती पाह्यल्या. मले जातानी शालही नको अन् नारळही नको. ही खोली पाहिजे."

त्या दिवसापासून ती खोली माझीही झाली. म्हणजे काम त्यांनी करायचं आणि काळजी मी करायची, अशी आमची विभागणी ठरली.

आजार काय आहे ते गणेशनं फोनवर सांगितलं आणि मॅडमनी ते स्टाफरूममध्ये आम्हाला समजावलं. "माह्या मामानं आदिलाबादकडच्या बाजारातून बैल आणलता. धट्टाकट्टा, शिंगं अशी! पण चल म्हटलं तं उभा राहे, थांब म्हटलं तं पाहत राहे. त्याले तेलगूच समजे. मंग मामानं तिकडचा एक सालदार ठेवला. मामा मराठीत सांगे, सालदार तेलगूत सांगे, बैल चाले. ह्याचं तेच हाय. वायरलेस कार्ड धड हाय, लिनक्सही धड हाय. मंधात सालदार नाई. त्याले ड्रायव्हर म्हणतेत."

"मग आणा ना सालदार," हेडसर म्हणाले.

"तो इंटरनेटवर राह्यते."

म्हणजे ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर. किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप घातल्यासारखं. हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

पहिला प्रयत्न मारुतीच्या पारावर झाला. मोबाइलला वायर लावून त्यातलं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं, अशी युक्ती होती. मॅडम उत्तरेकडे तोंड करून पवळ्याला मांडीवर घेऊन बसल्या. मी शेजारी मोबाइल हात उंच करून धरला. पारावरच्या पोरांनी सल्ले दिले, एका म्हाताऱ्यानं लेकरू झालं का म्हणून विचारलं. ड्रायव्हर अर्ध्याहून अधिक उतरला आणि रेंज गेली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला अगदी शेवटाला आलं असताना वडावरून एक वानर उतरलं, त्यानं ती काळी वायर शेंग समजून ओढली आणि तोंडात घालून फांदीवर जाऊन बसलं. मॅडमनी वानराला हात जोडले. "घे बापा. तुहं देवस्थान हाय."

मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांच्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. ह्या फिरतीला ते लदेणी म्हणतात. मॅडमनी लदेणी सुरू केली. वणीच्या दुकानात कुणी पेनड्राइव्ह लावू देईना, पण पुसदला त्यांच्या मुलाच्या घरी चांगलं इंटरनेट होतं. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर त्या एसटीत बसत, पांढरकवड्याला बदलत, यवतमाळला बदलत, पुसदला पोचत. तिथं ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हमध्ये घालत. पेनड्राइव्ह आईच्या जुन्या, आरशांचं भरतकाम केलेल्या चंचीत, चंची कमरेला. आणि रविवारी पुन्हा तोच प्रवास उलटा.

"आमच्या बुढ्यायनं मीठ वाह्यलं, मी ड्रायव्हर वाहून राह्यली," त्या म्हणायच्या. "त्यायचे बैल चालत होते, माहे चालत नाई, इतकाच फरक."

पहिल्या खेपेचा माल पवळ्याला घातला, तर तो म्हणाला, ह्यासोबत अजून एक वस्तू लागते. ती वस्तू पुढच्या खेपेला आली. ती घातली, तर म्हणाला, ही माझ्या मापाची नाही, जुनी आहे. मी वैतागून म्हणालो, हा पवळ्या लग्नातल्या व्याह्यापेक्षा जास्त मानपान मागतो. मॅडमना राग येईना. पुन्हा बस, पुन्हा पुसद. प्रवासात ऊस खायच्या, शेजारच्या बाईला लिनक्स समजावून सांगायच्या. पांढरकवड्याचा एक कंडक्टर तर त्यांना पाहिला की विचारायचा, "सापडला का वो मॅडम तुमचा सालदार?" त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "सापडन ना. जाईन कुठी?"

जानेवारीत एका सोमवारी तो सापडला. माल मापाचा निघाला. पवळ्यानं मुकाट्यानं सगळं गिळलं, कुरकुर केली नाही. पडद्यावर वायरलेस कार्डाचं नाव आलं. खोलीत टाळ्या पडल्या. मॅडमनी डोळे पुसले. आणि तरीही वायफाय काही दिसेना. कार्ड होतं, सालदार होता, लिनक्स होतं. बैल मात्र जागचा हलत नव्हता.

तो आठवडा मला अजून आठवतो. मॅडम पहिल्यांदाच गप्प झाल्या. वर्गात पोरं पेंगत होती तरी कुणाला काही बोलल्या नाहीत. पोरं बिचारी घाबरून जागी राहिली. भाऊसाहेबांचा माणूस येऊन खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला. मी हेडसरांना म्हणालो, भाऊसाहेबांना सांगून मुदत वाढवून घेऊ. मॅडमनी ते ऐकलं आणि नको म्हणून नुसती मान हलवली. मला फार वाईट वाटलं. इतक्या जिद्दीच्या बाईनं हरू नये, असं मनापासून वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. पोरं गेली. पुसदची बस पकडायची सोडून मॅडम पवळ्यासमोर बसलेल्या. मी चहा घेऊन गेलो. त्यांनी एक आज्ञा टाइप केली होती आणि उत्तराकडे टक लावून पाहत होत्या.

"सर, हे पाहा. हा म्हणते, मले सॉफ्टवेअरनं नाई अडवलं. मले हार्डवेअरनं अडवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आतून नाई, बाहीरून. हातानं. ह्याच्या अंगावर कुठीतरी बटण हाय अन् ते बंद हाय."

त्यांनी पवळ्याला बंद केलं, उचलून मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून त्याच्या अंगावरून बोटं फिरवायला लागल्या. बैलाच्या अंगावरची गोचीड शोधतात तशी. पाठ झाली, पोट झालं, दोन्ही कुशी झाल्या. मग पुढची कडा. तिथं त्यांचं बोट थांबलं. त्यांनी डोळे उघडले. कडेवर एक पिवळट-लाल खपली होती.

त्यांनी खपलीला नाक लावून वास घेतला.

"सर," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "दसऱ्याले ह्यायची पूजा कोणं केलती?"

"तुम्ही."

"गंध कुठी लावलतं?"

"कपाळावर. म्हणजे, तुम्हीच म्हणाला होतात, ही पुढची बाजू म्हणजे कपाळ."

कडा अरुंद, उभं गंध मावेना, म्हणून मॅडमनी ओल्या हळदी-कुंकवाचा अंगठा आडवा ओढला होता. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, ठसठशीत. आणि वर अक्षता दाबल्या होत्या. त्या कपाळावरच वायफायचं एक बारीकसं सरकणारं बटण होतं. अंगठ्याबरोबर ते सरकून बंद झालं, खाचेत तांदळाचा दाणा जाऊन बसला आणि हळद वाळून दगड झाली. एकूण एक लॅपटॉपची पूजा त्याच हातानं, त्याच भक्तीनं झाली होती.

मॅडमनी बांगडीतली पीन काढली. खपली खरवडली. दाणा टुणकन उडून माझ्या चहात पडला. त्यांनी नखानं बटण सरकवलं, पवळ्याला सुरू केलं. एक निळा दिवा लागला. आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उमटली. पहिलंच नाव ग्रामपंचायतीचं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पवळ्याच्या झाकणावर गाल टेकवला. "माफ कर बापा. तूच बरोबर होता. म्याच तुह्या डोळ्यावर हात ठेवलता." आणि मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खुर्ची हलायला लागली. "साऱ्या गावाले विचारलं, आखरीले काय केलतं, आखरीले काय केलतं! स्वताले नाई विचारलं! सर, मी पुसदले जाऊन जाऊन पाठ मोडून घेतली अन् चोर माह्याच अंगठ्यात!"

"पण ड्रायव्हर तर लागतच होता," मी म्हणालो. "लदेणी फुकट नाही गेली."

त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि आठवड्याचा साचलेला आवाज एकदम बाहेर आला. "मंग उभे काय राह्यले? मोत्याले आणा! सोन्याले आणा! अन् तो चहा कायले पिऊन राह्यले, त्यात अक्षत हाय!"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि भाऊसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खोलीकडे आले. मागे त्यांचा माणूस टेप घेऊन. आत पोरं जमिनीवर ओळीनं बसलेली, समोर बैलजोड्या उघडलेल्या. मॅडमनी काही भाषण केलं नाही. पवळ्यावरून सरळ पुण्याला गणेशला व्हिडिओ कॉल लावला. घंटी वाजत राहिली. मग पडद्यावर गणेश आला, दाढी न केलेला, सुट्टीचा दिवस म्हणून नुकताच उठलेला, आणि आपली शाळा पाहून तो पडद्यात आणखी पुढे वाकला. पोरं ओरडली, "गणेशदादा!"

भाऊसाहेब हळूच पुढे सरकले. टोपी नीट केली. "मी दिसून राह्यलो का त्याले?"

"दिसता ना भाऊसाहेब," गणेश म्हणाला. "तुम्हीच मला दहावीला बक्षीस दिलं होतं."

झालं. त्यानंतर भाऊसाहेब बोलतच राहिले. पुण्यात थंडी कशी, पगार किती, लग्न ठरलं का, ठरलं तर मंडप आपलाच. मध्येच चित्र अडकलं ते नेमकं भाऊसाहेबांचं तोंड उघडं असताना, आणि मॅडमचा हात पवळ्याच्या पाठीवर गेला. पण वायफाय परत आलं, आणि भाऊसाहेबांनी वाक्य होतं तिथून पुढे चालू केलं. कॉल संपल्यावर त्यांनी खोलीभर पाहिलं. पोरांकडे पाहिलं. "हे खाली काहून बसले?" त्यांनी विचारलं.

"खुर्च्या नाईत," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. पाठीवर भाऊसाहेबांच्या मंडपाचं नाव. ठरल्याप्रमाणे खोली पोरांची झाली, आणि त्या सचिवांच्या खुर्च्याही शेवटी तिथंच आल्या. मॅडम म्हणाल्या, माणूस जबानचा पक्का आहे, दोन्हीकडून.

फेब्रुवारी, मार्च त्या खोलीत कुणी ना कुणी असायचंच. मॅडम मात्र हळूहळू कमी यायला लागल्या. पोरं हाक मारायची आणि त्या येऊन दारातच उभ्या राहायच्या, हात मागे बांधून. कीबोर्डला बोट लावायचं नाही, असं त्यांनी स्वतःला घालून घेतलं होतं. बोटं मागच्या मागे वळवळताना मी पाहिली आहेत.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. हेडसरांचं भाषण सुरू होतं आणि रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. "बाकीचं फोनवर सांगजा सर," असं म्हणून मॅडम उठल्या. शाळेसमोरच बस थांबली होती. आम्ही सामान चढवलं. त्या खिडकीशी बसल्या. पोरं खाली घोळका करून उभी, मुली रडत होत्या. मी उगाच उन्हाविषयी काहीतरी बोलत होतो.

इतक्यात नववीतली एक मुलगी खोलीतून धावत आली. "मॅडम! मोत्याचं नेट गेलं! माह्या ताईचा फॉर्म अर्धा राह्यला!"

मॅडम अर्ध्या उठल्या. मांडीवरची पिशवी घसरली. क्षणभर मला वाटलं, ह्या आता उतरणार. मग त्या परत बसल्या. खिडकीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"मले काय सांगून राह्यली वं? मी आता पुसदची बाई हाय. तुम्ही पाहा."

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मग सगळा घोळका एकदम खोलीकडे पळाला. ड्रायव्हरनं गिअर टाकला. "थांबा ना दादा," मॅडम म्हणाल्या, आणि हा आवाज त्यांनी आजवर फक्त यंत्रांशी वापरला होता. ड्रायव्हर थांबला. सगळी बस खोलीकडे पाहू लागली.

आतून भांडण ऐकू येत होतं. कुणी म्हणे हे कर, कुणी म्हणे ते नको. मग गप्प. मग असा एकच कल्ला उठला की छपरावरची कबुतरं उडाली. ती मुलगी व्हरांड्यात आली. दोन्ही तळहातांवर उघडा लॅपटॉप, पडदा बसकडे वळवलेला.

भर उन्हात त्या पडद्यावर काय होतं ते कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

"दिसलं का हो सर?" मॅडमनी विचारलं.

"दिसलं."

"मले नाई दिसलं," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "पण झालं."

बस निघाली. वळणापर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर हलत होता, आणि मीही वेड्यासारखा हात हलवत रस्त्याच्या मधोमध उभा होतो. बस दिसेनाशी झाल्यावर मी मागे वळलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं. पोरं केव्हाच खोलीत परत गेली होती आणि त्या ताईचा फॉर्म पुरा करत होती.